शनिवारची संध्याकाळ

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असतं. त्याची खरी तयारी पूर्वी आदल्या दिवशी, शनिवारी दिवेलागणीच्या सुमारास व्हायची आणि ती लोकांच्या ओट्यांवर व्हायची. महिनाभरात ज्याच्याशी वाकडं बोलणं झालं असेल त्याच्या घरी जायचं, उसनं आणलेलं परत करायचं, झालं गेलं मिटवायचं आणि मगच रविवारी भाकरीला हात लावायचा. मंडळीच्या कुठल्याही नियमावलीत हे लिहिलेलं नव्हतं. भावाशी भांडण ठेवून अर्पण घेऊन येऊ नकोस, आधी जाऊन समेट कर, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे. ते आमच्या म्हाताऱ्या माणसांनी अक्षरशः घेतलं होतं, एवढंच.

माझी आजी नेवासे तालुक्यातली, वडाळ्याच्या बाजूची. तिला वाचता येत नव्हतं. कवी नारायण वामन टिळकांची पदं मात्र तिला पाठ होती आणि ती ती जात्यावर म्हणायची. तिची प्रार्थनाही जात्यावरच व्हायची. दळता दळता मध्येच हात थांबला की समजायचं, कुणाचं तरी नाव घेऊन ती देवाशी बोलते आहे. आम्ही पोरं अंथरुणात जागी असायचो. तिचे ओठ हलताना दिसायचे, शब्द ऐकू यायचे नाहीत. एकदा धाकट्या भावाने विचारलं, "आजी, तू काय म्हणतीस गं?" ती म्हणाली, "तुला सांगायचं आसतं तर मोठ्यानं म्हणले आसते."

एका प्रभूभोजनाच्या रविवारी मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. काळ्या मनुका उकळून काढलेल्या रसाचे छोटे पेले आणि पावाच्या चौकोनी तुकड्यांचं ताट रांगेतून पुढे सरकत होतं. आजीपाशी आलं तेव्हा तिने काही न घेता ते शेजारणीकडे दिलं. वडीलमंडळींपैकी एकाने मान वळवून बघितलं. आजी पदराखाली हात घेऊन तशीच बसून राहिली. नंतर कळलं, शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईशी बाजरीच्या पायलीवरून तिचं वाजलं होतं. शनिवारी आजी तिच्या दारात गेली होती, पण ती बाई माहेरी गेलेली होती. सांगणं राहून गेलं, म्हणून आजीने त्या महिन्यात प्रभूभोजन घेतलं नाही. ते मिटलं पुढच्या मंगळवारी. आजी पायली भरून बाजरी घेऊन गेली, वर शीग ठेवून.

ख्रिस्ती भक्ती म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं की मी हेच सांगते. अंतःकरण शुद्ध असणं ही गोष्ट डोळे मिटून आत बघत बसल्याने कळत नाही, शेजाऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर कळते. आणि हे सगळं कुणाला न दाखवता करायचं असतं. दान देताना डाव्या हाताला कळू द्यायचं नाही, उपासाच्या दिवशी तोंड धुऊन नीट राहायचं, प्रार्थनेला खोलीचं दार लावून बसायचं, हे त्याच प्रवचनाच्या पुढच्या अध्यायात आहे. आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती धर्म रुजला तो अशा दार लावून केलेल्या भक्तीमुळे. आज ती भक्ती आमच्या घरांतून निघून चालली आहे आणि तिच्या जागी जे येतं आहे त्याने माझं समाधान होत नाही. ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आता आमच्या भागात रविवारची भक्ती कशी होते, ते पाहा. दोन मोठे साउंड बॉक्स, कीबोर्ड, मागे पडद्यावर गाण्याचे शब्द, एक जण मोबाइल उभा धरून सगळं थेट दाखवतो. तरुण पोरं मन लावून वाजवतात आणि मला त्यांचं वाजवणं आवडतं. देवापुढे गाणं हे आमचं जुनंच धन आहे. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, तेव्हा टाळ-मृदंगाचा आवाज काही कमी नसणार. माझी तक्रार आवाजाबद्दल नाही. दीड तासाच्या त्या भक्तीत माणसाला स्वतःपाशी थांबायला एक मिनिटही मिळत नाही, हे मला खुपतं. पापांगीकाराची प्रार्थना सुरू होते आणि मागून कीबोर्डचा सूरही सुरू होतो. आपण काय कबूल करतो आहोत हे आठवायच्या आत क्षमेचं वचन वाचून होतं. चंगाईच्या सभांमध्ये तर साक्ष देणाऱ्यांची रांगच असते: कुणाची किडनी बरी झाली, कुणाला नोकरी लागली, कुणाचा व्हिसा झाला. देव हे करतो यावर माझा विश्वास आहे. पण त्या रांगेत कधी कुणी उभं राहून, मी भावाचा बांध कोरला होता तो परत सरळ केला, असं म्हणताना मी ऐकलेलं नाही.

सकाळी उठल्यावर फोनवर गुलाबाच्या चित्रावर छापलेली वचनं येतात. एकाच घरातल्या चार माणसांना चार ठिकाणांहून येतात. त्या घरात संध्याकाळी एकत्र प्रार्थना होते का, असं विचारलं तर पोरं आईकडे बघतात आणि आई टीव्हीकडे.

आमच्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती भक्तीचा विचार टिळकांना सोडून करता येत नाही. नारायण वामन टिळक कोकणात करजगावला १८६१ साली जन्मले, चित्पावन ब्राह्मण, कवी. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. टिळकांना पुस्तक फारसं आवडलं नव्हतं, पण शब्द दिला म्हणून ते वाचू लागले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, त्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी, अडकले. पुढचं वर्ष-दीड वर्ष त्यांनी हे मनातच ठेवलं. चर्च नाही, मंडळी नाही, बाप्तिस्मा नाही. एक माणूस, एक पुस्तक आणि आतली तगमग. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर ते नगरला आले. मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांच्या हाताखालच्या सेमिनरीत शिकवू लागले. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा ख्रिस्ती कवी असा एकांतात घडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांची अभंगांजली हातात घेतली की जाणवतं, हा माणूस सभेपुढे बोलत नाही. ज्ञानोबा, नामदेव, तुकारामांनी जसं विठ्ठलाशी भांडावं, रुसावं, लाडात यावं, तसा हा ख्रिस्ताशी बोलतो आहे आणि आपण चोरून ऐकतो आहोत.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट याहून खोल आहे, असं माझं मत आहे. त्यांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, उघडलं की सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांचं सोवळं भेटतं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या घरात बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घेत नसत. घरातली बायकामाणसं त्या धुण्यापायी पिचून गेलेली. शुद्ध राहण्याच्या ध्यासाने एका चांगल्या माणसाने आपलं घर कसं छळलं, ते लक्ष्मीबाईंनी राग न धरता लिहिलं आहे. अशा घरातली ही मुलगी नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर कितीतरी दिवस त्याच्यापासून दूर राहिली, आणि नगरला आल्यावरही सुरुवातीला तिने आपलं सोवळं आणि आपलं स्वयंपाकपाणी वेगळंच ठेवलं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एक दिवस विचार करता करता लक्ष्मीबाईंना वाटलं, ही जात देवाने केलेली नसणार, माणसांनीच केली असणार, आणि त्यांनी ती मनातून काढून टाकली. कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. हे त्यांचं त्यांनी, एकटीने, कुणाचं प्रवचन ऐकत नसताना ठरवलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला तर वाटतं, ज्या दिवशी जात मनातून गेली त्या दिवशीच त्यांच्यापुरतं खरं काम झालं होतं.

हे कुटुंब काही काळ आमच्या राहुरीत राहिलं. शाळेत शिकवत असताना मी मुलांना हे मुद्दाम सांगायची. पोरांना टिळक म्हटलं की लोकमान्यच आठवतात.

आता आमची बाजू सांगते, कारण टिळक पतिपत्नी ज्या वाटेने आले ती आमची वाट नव्हती. माझे पणजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी ज्या स्पर्शाच्या भीतीने सगळं धुऊन घेतलं, तो स्पर्श आमचा होता. आमच्या माणसांनी गोदावरीत, प्रवरेत कितीही वेळा बुडी मारली असती तरी ती शुद्ध होणार नव्हती. विहिरीच्या खाली उभं राहून ओंजळ पुढे करायची आणि वरून कुणी ओतेल ते पाणी प्यायचं. अशा माणसांना कुणीतरी येऊन सांगितलं की देव अंतःकरण बघतो, आणि ज्याचं अंतःकरण शुद्ध त्याला देव दिसेल. हे ऐकून त्यांना काय वाटलं असेल? जे मोजायचं माप गावाच्या हातात होतं, ते एकाएकी गावाच्या हातातून गेलं. मनात काय आहे हे बघायला कुळकर्णी येऊ शकत नव्हता, पाटील येऊ शकत नव्हता. आजीला जात्यावर जी जागा मिळाली होती तिथून तिला उठवायची कुणाची ताकद नव्हती.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या अखेरीस नगरला ठाणं केलं. तिथल्या पहिल्या मंडळ्यांमध्ये हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक असे ब्राह्मण घरांतून आलेले लोक होते आणि आमच्यासारख्या वस्त्यांतून आलेलेही होते. त्यांनी एकाच ताटातली भाकर घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, नगरसारख्या गावात, एका ताटातली! जातीत असताना सावली चुकवायची आणि इथे पेला हातात द्यायचा, यासाठी त्या माणसांना आत केवढी झटापट करावी लागली असेल. सगळ्यांना ते जमलं असं मी म्हणणार नाही. पुढे आमच्या मंडळ्यांतही जातीचे थर राहिले, सोयरीक जमवताना ते आजही वर येतात, आणि ते लपवून काही उपयोग नाही. म्हणूनच शुद्ध अंतःकरणाची गोष्ट बोलताना मला ती हवेतली वाटत नाही. तिच्यात कुणाच्या घरी जेवायचं, कुणाची मुलगी करायची, कुणाला ओट्यावर बसवायचं, हे सगळं येतं.

याच जिल्ह्यात नेवाशाला, १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर मराठीत टीका सांगितली आणि शेवटी जे मागणं मागितलं त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागितलं. ते ज्या खांबाला टेकून बसले असं सांगतात तो पैस खांब मी लहानपणी आजीबरोबर पाहिला आहे. आजी ख्रिस्ती होती आणि तिने त्या खांबाला हात जोडले. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मागाहून मी टिळकांबद्दल वाचलं की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. तेव्हा मला तो खांब आठवला.

या सगळ्यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते. शिकलेली, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली आमची मुलं सुट्टीला येतात आणि म्हणतात, "मावशी, भक्ती मनात असली की झालं. चर्चला कशाला जायचं? तिथे पंचांची भांडणं, जमिनीचे खटले, निवडणुका." त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. टिळकांनाही शेवटी मिशनच्या चौकटीत गुदमरल्यासारखं झालं होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि देवाचा दरबार नावाची एक मंडळी काढली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत होते. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, त्यामुळे दरबार वाढायला वेळच मिळाला नाही. पण ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की चौकटीबाहेर पडल्यावरही टिळक एकटे जाऊन बसले नाहीत. त्यांनी दरबार भरवला. माणसं गोळा केली. कारण एकट्याने शुद्ध राहणं फार सोपं आहे. खोलीत मी आणि देव, एवढेच असलो तर मी संतच आहे. शेजारच्या बाकावर माझ्या जावेला बसवा, मग माझी परीक्षा सुरू होते. मंडळी त्यासाठी हवी. खोली आणि मंडळी दोन्ही हव्यात आणि त्यांच्यामध्ये ती शनिवारची संध्याकाळ हवी.

दार लावून केलेल्या प्रार्थनेची आणखी एक बाजू आहे. ती बोलायला आमचे लोक कचरतात, म्हणून मी बोलते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती दलितांना आजवर घेतलेलं नाही. गावाने आम्हाला ज्या जातीचं म्हणून वागवलं ती जात धर्म बदलल्यावर गावाच्या डोक्यातून गेली नाही, सरकारी कागदावरून मात्र गेली. परिणाम काय झाला? कितीतरी घरांत कागदावर एक धर्म आहे आणि पोटात दुसरा. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी, नोकरीसाठी आईबापांनी बाप्तिस्म्याची नोंद टाळली आणि प्रार्थना दार लावून केली. येशूने सांगितलेलं लावलेलं दार ते हे नव्हे. तिथे माणूस लोकांची वाहवा टाळायला दार लावतो, इथे पोराचं नुकसान टाळायला लावतो. जो देश माणसाला श्रद्धा आणि भाकरी यांतलं एक निवडायला लावतो, त्याने त्या माणसाच्या अंतःकरणावर किती ओझं टाकलं आहे याचा विचार व्हायला हवा. अशा घरातल्या आईला, तू खरी ख्रिस्ती नाहीस, असं व्यासपीठावरून सुनावणारे प्रचारक मी ऐकले आहेत. त्यांनी आधी त्या आईच्या चुलीपाशी बसून बघावं. हा अन्याय कायद्याने दूर झाला पाहिजे आणि तोवर आमच्या मंडळ्यांनी त्या माणसांना जवळ धरलं पाहिजे.

एकांत म्हणजे माणसं नसणं असंही नाही, हे मला हरेगावला कळलं. श्रीरामपूर तालुक्यातलं हे साखर कारखान्याचं जुनं गाव. तिथे संत तेरेजा चर्चच्या आवारात सप्टेंबरात मतमाऊलीची यात्रा भरते. मी प्रोटेस्टंट घरातली, मूर्तीपुढे मेणबत्ती लावणं आमच्यात बसत नाही. एका कॅथलिक मैत्रिणीच्या आग्रहाखातर गेले. माणसांचा पूर आलेला. खेळणीवाले, भेळवाले, बसगाड्या, बीडकडून, औरंगाबादकडून, नाशिककडून आलेली कुटुंबं, त्यांत हिंदूही पुष्कळ. नवसाच्या मेणबत्त्या, नारळ, फुलं. मनातून मी नाक मुरडणारच होते, तेवढ्यात रांगेत माझ्यापुढची बाई माऊलीपुढे पोहोचली. ऊसतोडीला जाणाऱ्यांपैकी असावी, हातावर कोयत्याचे जुने वण होते. मागून लोक ढकलत होते, स्वयंसेवक पुढे चला, पुढे चला म्हणत होते. तिने डोकं टेकलं, कपाळ तसंच ठेवलं आणि काहीतरी पुटपुटली. त्या गर्दीत, त्या गोंगाटात, तिने दार लावून घेतलं होतं. आवाजाने एकांत मोडतोच असं नाही, हे मला तिच्याकडे बघून पटलं. मात्र तिला तिथे जी आर्तता घेऊन आली, ती आमच्या रविवारच्या नेटक्या भक्तीत कुठून आणायची, हा प्रश्न मला पडला आणि तो अजून सुटलेला नाही.

मग करायचं काय? मोठ्या योजना मला सुचत नाहीत आणि सुचल्या तरी त्या ठरावात अडकून पडतात. एक गोष्ट मात्र होऊ शकते. प्रभूभोजनाच्या आदल्या संध्याकाळची तयारी परत सुरू करायची. आमच्या जुन्या मंडळ्यांत तिची एक छोटी प्रार्थनाही असायची, कुणाच्या तरी घरी. पाळक यायचे, एखादा उतारा वाचायचे आणि मग गप्प बसायचं. ते गप्प बसणं लांबलचक असायचं. आम्हा पोरांना ते नको व्हायचं, बाहेर पळावंसं वाटायचं. मोठी माणसं मात्र एकेक करून उठायची आणि अंधारात निघून जायची, आपापल्या कामाला. कोण कुठे गेलं याची चौकशी करायची नाही, असा दंडक होता. तो पाळला पाहिजे, नाहीतर त्याचाही देखावा होईल आणि कुणी कुणाची माफी मागितली याचे फोटो गटावर यायला लागतील.

घरची प्रार्थनाही परत आणता येईल. त्याला पाळक लागत नाही, पेटी लागत नाही. जेवायला बसण्याआधी घरातल्या धाकट्याने एक उतारा वाचावा, थोरल्याने दोन वाक्यांची प्रार्थना करावी आणि मध्ये प्रत्येकाने आपल्या मनात एका माणसाचं नाव घ्यावं, ज्याच्यावर आपला राग आहे त्याचं. ते नाव मोठ्याने म्हणायचं नाही. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांना मी हे सांगून बघितलं. सहावीतली एक मुलगी पुढच्या दिवशी म्हणाली, "बाई, मी रोज एकच नाव घेते, तर चालेल का?" म्हटलं, चालेल, ते नाव आपोआप बदलेपर्यंत तेच घे.

आणि मंडळीच्या कमिटीच्या निवडणुकीआधी एक शनिवार मुद्दाम ठेवावा, असं मला वाटतं. आमच्याकडे निवडणूक म्हटली की दोन पॅनल होतात, एकमेकांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या जातात, कोर्टकचेऱ्या होतात आणि त्या रविवारी हीच माणसं ताटं घेऊन रांगेतून फिरतात. ताट फिरवणाऱ्याने आधी स्वतः त्यातलं घेण्याजोगं व्हावं, ही अपेक्षा जास्तीची नाही. माझ्या आजीला अक्षर येत नसूनही तिला ती कळली होती.

हे सगळं मी आमच्या पाळकांना सांगितलं. तरुण माणूस आहे, मनाने सरळ. ते म्हणाले, "बाई, शनिवार ठेवू. पण ते दोघं?" ते दोघं म्हणजे आमच्या मंडळीतले दोन सख्खे भाऊ, सामाईक बांधावरून कोर्टात गेलेले, गेली कित्येक वर्षं दोन टोकांच्या बाकांवर बसणारे. मोठा वर्गणी देण्यात पहिला, धाकटा गाण्यात पहिला. त्यांना बोलवायला कोण जाणार, हे पाळक मला विचारत होते. पाळकांनी एकाकडे जावं तर दुसरा म्हणणार, तुम्ही त्याच्या बाजूचे.

मी म्हटलं, मी जाते. धाकट्याला मी पहिली-दुसरीत शिकवलं आहे, तो माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. मोठा जरा अवघड आहे. त्याच्या बायकोशी माझं बोलणं आहे, उद्या दुपारी तिच्याकडे चहाला जायचं ठरलं आहे.